गेज आर-अँड-आरमध्ये ऑपरेटरचा व्हेरियन्स चक्क शून्य? (आणि एकूणच व्हेरियन्सची वाटणी)

मायक्रॉन

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गरजेपोटी लिहितोय.

चाकणच्या बाजूला एका मशीनिंग शॉपमध्ये क्वालिटीला आहे. सीएनसीवर निघणाऱ्या एका पार्टचा बोअर आम्ही डायल बोअर गेजने मोजतो. पीपॅपच्या (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायच्या) फायलीत एमएसए (मोजमाप किती भरवशाचं याची तपासणी) लावायचं म्हणून नेहमीचा अभ्यास केला: १० पार्ट, ३ ऑपरेटर, प्रत्येकाची ३ रीडिंग, एकूण ९०. सॉफ्टवेअरने अनोव्हा पद्धतीने (एकूण चढउताराची कारणांनुसार वाटणी) जे ओकलं ते असं: गेज आर-अँड-आर (गेज आणि ऑपरेटर मिळून मोजण्यातला चढउतार) ३४%, पार्ट-टू-पार्ट (पार्टापार्टांतला खरा फरक) ९४%, ऑपरेटर ०, एनडीसी (गेजला वेगळे ओळखता येणारे पार्टांचे गट) ३.

साहेबांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, ३४ आणि ९४ मिळून १२८ होतात, शंभराचे एकशे अठ्ठावीस कसे केलेस? मग म्हणाले, तीन वेगळी माणसं मोजतात आणि त्यांच्यात काडीचाही फरक नाही, हे तुला पटतं का? जुन्या एक्सेल शीटमध्ये (अ‍ॅव्हरेज-रेंजवाल्या) तर ऑपरेटरचा आकडा येतो. शेवटी निर्णय: गेज बदला, एअर गेजचं कोटेशन मागवा.

कोटेशन आलं की खर्चाचं खापर माझ्यावर. त्याआधी कुणी सांगेल का, हा शून्य म्हणजे नक्की काय आहे?

तिरकस_काका

गेज कशाला बदलता, पार्ट बदला. रिजेक्शनच्या डब्यातला एक पार्ट वरच्या लिमिटचा आणि एक खालच्या लिमिटचा त्या दहात सरकवा. आकडा आपोआप २० च्या खाली येतो. अर्ध्या एमआयडीसीच्या फायली अशाच पास झाल्यात. (हलके घ्या.)

रेसिड्यूअल

काका गंमत करतायत, पण त्या गमतीतच अर्धं उत्तर आहे. त्यावर नंतर येतो.

आधी १२८. तुमच्या तक्त्यातले टक्के स्टँडर्ड डेव्हिएशनचे (एसडी, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) आहेत. बेरीज होते ती व्हेरियन्सची, म्हणजे एसडीच्या वर्गांची. ०.३४ चा वर्ग ०.११५६, ०.९४ चा वर्ग साधारण ०.८८४. झाले शंभर. त्याच तक्त्यात '% काँट्रिब्यूशन' असा रकाना असेल, त्यात ११.५६ आणि ८८.४४ असे आकडे दिसतील. साहेबांना तो दाखवा.

यातून एक गोष्ट निघते, जी बऱ्याच क्वालिटीवाल्यांच्या ध्यानात नसते. एमएसए मॅन्युअलची ती प्रसिद्ध १०% आणि ३०% ची रेघ (१० च्या आत गेज चांगला, ३० च्या वर नापास) व्हेरियन्सच्या हिशेबात १% आणि ९% ची आहे. आणि एनडीसी हा काही स्वतंत्र निकष नाही. १.४१ गुणिले पार्टचं एसडी भागिले गेजचं एसडी, बस्स. एनडीसी ५ हवं असेल तर आर-अँड-आर साधारण २७% च्या आत लागतो. म्हणजे २९% वाला गेज एका नियमात बसतो आणि दुसऱ्यात नापास होतो. ऑडिटर आणि सप्लायर यांच्यात यावरून तासतासभर चाललेली चर्चा मी ऐकली आहे, दोघांनाही दोन्ही आकडे एकाच गुणोत्तरातून येतात याची कल्पना नव्हती.

आता शून्य. तो मोजून आलेला शून्य नाही, वजाबाकी उणे आली म्हणून सॉफ्टवेअरने बसवलेला शून्य आहे. ऑपरेटरचा घटक असा काढतात: ऑपरेटरचा मीन स्क्वेअर (अनोव्हाच्या तक्त्यातला सरासरी वर्ग) वजा ऑपरेटर-पार्ट इंटरॅक्शनचा (ऑपरेटरांमधला फरक पार्टागणिक बदलतो तो भाग) मीन स्क्वेअर, भागिले ३० (१० पार्ट × ३ रीडिंग). पहिला दुसऱ्यापेक्षा लहान निघाला की उत्तर उणे. व्हेरियन्स उणे छापायला लाज वाटते म्हणून शून्य छापतात. जुन्या अ‍ॅव्हरेज-रेंज पद्धतीत इंटरॅक्शन हा प्रकारच नाही, त्यामुळे तिथे वजाबाकी वेगळी होते आणि काहीतरी आकडा उरतो.

पिठलंभाकरी

थांबा थांबा. व्हेरियन्स म्हणजे वर्गांची सरासरी. वर्ग उणे कसा येईल? आमच्या बीएस्सीच्या सरांनी असं काही सांगितल्याचं स्मरत नाही.

रेसिड्यूअल

खरा व्हेरियन्स उणे नसतोच. अंदाज उणे येऊ शकतो, कारण तो दोन आकड्यांच्या वजाबाकीतून काढलेला असतो. खरीच आकडेमोड दाखवतो, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही.

रंगाच्या कारखान्यातला एक जुना डेटा आहे, १९४७ च्या डेव्हिस यांच्या पुस्तकातला, आता आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा वापरणाऱ्या प्रत्येकाला 'डायस्टफ' या नावाने माहीत असलेला. एच-अ‍ॅसिड या मधल्या रसायनाच्या ६ बॅचेस. प्रत्येक बॅचमधून प्रयोगशाळेत ५ वेळा नॅप्थलीन ब्लॅक १२बी हा रंग तयार केला आणि उतारा ग्रॅममध्ये मोजला. प्रश्न साधा: उताऱ्यातला चढउतार बॅचमुळे किती, आणि एकाच बॅचमधल्या पाच वेळच्या कामामुळे किती?

सहा बॅचची सरासरी: १५०५, १५२८, १५६४, १४९८, १६००, १४७०. एकूण सरासरी १५२७.५.

बॅचेसमधला मीन स्क्वेअर ११२७१.५ (५ डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे माहितीचे स्वतंत्र तुकडे: ६ वजा १). बॅचच्या आतला २४५१.२५ (२४ डिग्री). आता बॅचच्या सरासऱ्या एकमेकींपासून दूर आहेत त्या केवळ बॅच वेगळ्या म्हणून नव्हे. आतला चढउतारही पाच-पाचच्या सरासरीत थोडा झिरपलेला असतो. तो काढून टाकायचा: (११२७१.५ − २४५१.२५) ÷ ५ = १७६४. वर्गमूळ ४२. म्हणजे बॅचमुळे एसडी ४२ ग्रॅम, बॅचच्या आत साधारण ४९.५ ग्रॅम.

आता धाकटं भावंड: 'डायस्टफ२'. बॉक्स आणि टियाओ यांनी १९७३ साली तसाच ६ × ५ आराखडा घेऊन आकडे मुद्दाम तयार केले, यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून. बॅचचा खरा व्हेरियन्स त्यांनी ४ ठेवला होता आणि आतला १६. आलं काय? बॅचचा मीन स्क्वेअर ८.३४, आतला १४.९५. वजाबाकी भागिले ५ म्हणजे उणे १.३२. खरं उत्तर ४, अंदाज उणे! आजचं सॉफ्टवेअर यावर शून्य छापतं आणि आतला व्हेरियन्स १३.८१ दाखवतं, कारण तो सगळा चढउतार एकाच खिशात टाकतं.

हे अगदीच दुर्मीळ नाही. याच आराखड्यात, याच खऱ्या किमतींवर, साधारण पाचातून एकदा उणे उत्तर येतं. एफ वितरणाच्या तक्त्यावरून पडताळून पाहता येईल.

तेव्हा मायक्रॉनराव, 'ऑपरेटर ०' याचा अर्थ 'तिघं सारखेच मोजतात' असा काढू नका.

निवृत्त_नमुनेदार

रेसिड्यूअल यांनी चांगलं मांडलंय, एक भर घालतो. माझी सगळी नोकरी शेतीच्या आकड्यांत गेली, गेज मी हातात धरलेला नाही. पण दुखणं तेच आहे.

३ ऑपरेटर म्हणजे २ डिग्री ऑफ फ्रीडम. २ डिग्रीवर काढलेल्या एसडीचा ९५% पल्ला हातातल्या आकड्याच्या निम्म्यापासून थेट सहापटीपर्यंत जातो. दहा पार्टांमुळे पार्टला ९ डिग्री मिळतात, तिथे हाच पल्ला ०.७ पट ते १.८ पट. रिपीटॅबिलिटीला (त्याच माणसाने तोच पार्ट पुन्हा मोजल्यावर येणारा फरक) ६० डिग्री, ती घट्ट कळते. म्हणजे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी, त्याच टाइपात, दोन दशांशांपर्यंत छापलेले तीन आकडे: एक पक्का, एक बरा, एक जवळजवळ अंदाजपंचे. तक्ता मात्र हे सांगत नाही. कुठलाही घटक किती नीट कळणार, हे त्या पातळीवर तुम्ही किती वेगवेगळे नग घेतलेत त्यावर ठरतं. ९० चे ९०० रीडिंग घ्या, माणसं तीनच असतील तर ऑपरेटरच्या घटकाची माहिती फारशी वाढत नाही.

शेतीत हे आम्हाला पीक कापणी प्रयोगाने शिकवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गाव निवडायचं, गावात गट नंबर निवडायचा, शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून यादृच्छिक आकड्यांनुसार पावलं टाकत जायचं आणि बहुतेक पिकांना १० मीटर × ५ मीटरचा प्लॉट आखायचा. दोरी, खुंट्या, टेप. त्यातलं पीक कापून, मळून, वजन करायचं. या पद्धतीची बैठक घालणारी दोन नावं मराठी माणसांना ठाऊक हवीत: वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११. दोघांचं शेतीच्या कामकऱ्यांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक आयसीएआरने (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने) १९५४ साली काढलं. कृषी महाविद्यालयांत नुसतं 'पानसे-सुखात्मे' म्हटलं की कुठलं पुस्तक ते कळायचं.

समजा १० प्रयोगांचंच बजेट आहे. गावागावांतला व्हेरियन्स १ आणि गावातल्या शेताशेतांतला व्हेरियन्सही १ धरू. १० गावं, प्रत्येकी एक शेत घेतलं तर सरासरीचा व्हेरियन्स ०.२. पाच गावं, दोन-दोन शेतं: ०.३. दोन गावं, पाच-पाच शेतं: ०.६. प्रयोग तेवढेच, घाम तेवढाच, कागदावर १० चे १०, आणि अचूकता तिपटीने घसरली. अर्थात गावाला जायला जीप आणि दिवस लागतो, दुसरं शेत त्याच गावात फुकटात पडतं. म्हणून गावामागे किती शेतं, याचं सूत्र दोन गुणोत्तरांच्या गुणाकाराचं वर्गमूळ आहे: गावाचा खर्च भागिले शेताचा खर्च, गुणिले शेतांचा व्हेरियन्स भागिले गावांचा व्हेरियन्स. दोन्ही व्हेरियन्स आधीच्या हंगामातून काढून ठेवलेले असतील तरच हे सूत्र कामाला येतं. घटक काढायचे ते यासाठी. नुसते तक्त्यात शोभेला ठेवायला नव्हेत.

अवांतर: प्लॉट फार लहान घेतला तर उत्पादन फुगून येतं, कारण काठावरची रोपं आतच धरली जातात. सुखात्म्यांनी हे १९४६ साली दाखवलं. तो व्हेरियन्सचा विषय नाही, तो बायस. कितीही प्लॉट वाढवले तरी जात नाही.

काळीची_माती

नमुनेदारकाका, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. विम्याच्या वेळी आमच्याकडे हाच वाद. आमचं गाव मंडळाच्या (महसूल मंडळ, अनेक गावांचा गट) एका टोकाला, मुरमाड. दुसऱ्या टोकाला कॅनॉलचं पाणी. मंडळाची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या (ज्याखाली गेलं तरच विमा मिळतो) वर निघाली, आम्ही कोरडे. आता मला सांगा, प्रयोग वाढवले असते तर आम्हाला पैसे मिळाले असते का?

निवृत्त_नमुनेदार

नाही. स्पष्टच सांगतो, राग मानू नका.

प्रयोग वाढवले की मंडळाची सरासरी जास्त अचूक कळेल. तुमचं गाव मंडळापेक्षा किती वेगळं आहे, हा गावांमधला व्हेरियन्स. तो जमिनीत आणि पाण्यात आहे, प्रयोगांच्या संख्येत नाही. तो कमी करायचा तर विम्याचं एककच लहान करावं लागतं: मंडळाऐवजी गाव. पण एकक गाव केलं की प्रत्येक गावात प्रयोग करावे लागतात, माणसं तेवढीच राहतात, आणि घाईत केलेल्या प्रयोगाची चूक त्यात नव्याने शिरते. एका खिशातला व्हेरियन्स दुसऱ्या खिशात. शेतकऱ्याची तक्रार आणि सरकारची अडचण दोन्ही खऱ्या आहेत, कारण दोघं वेगवेगळ्या घटकांबद्दल बोलतायत.

काळीची_माती

पटलं. पैसे नाहीत मिळाले तरी पटलं.

तिरकस_काका

या धाग्यावर विमा मिळाला नाही तरी खुलासा मिळतो, हे काय कमी आहे.

गोठा

पशुवैद्यक आहे, मी पण उडी घेते. आमचा अख्खा धंदा या वाटणीवर चालतो आणि आमच्याकडची वाटणी सगळ्यात चमत्कारिक आहे.

दूध देते गाय, पण निवडायचा असतो वळू. वळूला दूध येत नाही. मग त्याच्या मुलींचं दूध मोजायचं आणि मुलींच्या चढउतारातला 'बापाचा' घटक काढायचा. सावत्र बहिणींमध्ये बापाकडून आलेला हा घटक म्हणजे एकूण अनुवंशिक (अ‍ॅडिटिव्ह) व्हेरियन्सचा फक्त चौथा हिस्सा. म्हणून अनुवंशिकता काढताना त्याला चारने गुणतात. दुधाची अनुवंशिकता २५% धरा, बापाचा घटक एकूण चढउताराच्या जेमतेम ६.२५% येतो. उरलेले ९४% आई, चारा, गोठा, वेत, ऋतू, मालकाचा हात आणि नशीब.

त्या सव्वासहा टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? कारण गाय वर्षाला एक वासरू देते आणि वळूच्या रेतमात्रा हजारोंनी जातात. वळू चुकला की चूक गावोगाव पोचते.

किती मुली लागतात? याच २५% वर १५ मुलींच्या नोंदी असतील तर वळूच्या मूल्यांकनाची विश्वासार्हता ५०%. ६० मुलींवर ८०%. ९०% हवी तर १३५. सूत्र सोपं, मुलींची संख्या भागिले (तीच संख्या + १५). हा १५ आकाशातून पडत नाही, तो दोन घटकांचं गुणोत्तर आहे: बाप सोडून बाकी सगळं भागिले बाप. तो चुकला की वळूंची सगळी यादी चुकते. म्हणून १९५३ साली कॉर्नेलच्या हेंडरसन यांनी विषम संख्येच्या नोंदींमधून घटक कसे काढायचे याच्या तीन पद्धती मांडल्या. रंगाच्या कारखान्यात बॅचला पाच-पाच नमुने घेता येतात. गोठ्यात एका वळूच्या चार मुली सापडतात आणि दुसऱ्याच्या चाळीस.

आणि आपल्याकडची खरी गोची वेगळीच आहे. परदेशात एका गोठ्यात शेकडो गायी, अनेक वळूंच्या मुली शेजारी शेजारी. आपल्याकडे घरटी एक-दोन जनावरं. दूध चांगलं निघालं ते गायीमुळे की मालकिणीने वेळेवर पेंड घातली त्यामुळे? एका घरात एकच गाय असेल तर हे दोन घटक कुठल्याही सॉफ्टवेअरला सुटे करता येत नाहीत. पाच वेतं मोजलीत तरी नाहीत. मग गाव आणि ऋतू यांचा एक गट धरून तुलना करावी लागते आणि घराचा घटक गायीच्या नावावर चढतो, निमूटपणे.

रेसिड्यूअल

वा, ताई! फक्त एक जोड. तुमचं ते 'भागिले + १५' म्हणजे अंदाज सरासरीकडे ओढून घेणं. रंगाच्या डेटातही तेच होतं. पाचवी बॅच सरासरीपेक्षा ७२.५ ग्रॅम वर दिसते. पण घटकांच्या हिशेबाने तिचं श्रेय ०.७८ पटच, म्हणजे सुमारे ५६.७ ग्रॅम. उरलेलं दैवाचं. ज्या वळूच्या चारच मुली आहेत त्याला याहून जास्त ओढलं जातं. क्रिकेटमध्ये दोन सामन्यांवरून सरासरी सांगणाऱ्यांना हे सूत्र कुणीतरी शिकवा.

आणि पद्धतीबद्दल थोडं, कारण कुणीतरी विचारेलच. अनोव्हाची वजाबाकी समान संख्येच्या डेटावर छान चालते. विषम झाली की वाट फुटते. मॅक्झिमम लाइकलीहूड (एमएल, हातातला डेटा सगळ्यात संभाव्य ठरेल अशा किमती निवडणारी पद्धत) घटक कमी दाखवते, कारण सरासरी काढण्यात खर्च झालेली डिग्री ती हिशेबात धरत नाही. त्याच रंगाच्या डेटावर ती बॅचचा व्हेरियन्स १७६४ ऐवजी १३८८ देते. १९७१ मध्ये पॅटरसन आणि थॉम्प्सन यांनी रेमल म्हणजे रिस्ट्रिक्टेड लाइकलीहूड मांडली, ती ही उणीव भरते आणि समान संख्येच्या डेटात (उत्तर उणे नसेल तर) अनोव्हाशी तंतोतंत जुळते. त्याच सुमारास सी. आर. राव यांनी मिंक्यू ही पद्धत दिली, जी लाइकलीहूडशिवायच काम करते. आज व्यवहारात बहुतेक ठिकाणी रेमल. सॉफ्टवेअरमध्ये निवड दिसली की डोळे झाकून रेमल घ्या. अपवाद एकच: दोन मॉडेलांमध्ये फिक्स्ड भाग (नमुना म्हणून न घेतलेले, ठरलेले परिणाम) वेगळा असेल तर तुलना एमएलवर करा.

पिठलंभाकरी

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न. हे सगळं माणसांवर लागू होतं का? म्हणजे माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसातला रोजचा फरक?

निवृत्त_नमुनेदार

लागू होतं. आणि त्यावर पुण्यात मोठा वाद झाला. हे अवांतर आहे, पण राहवत नाही.

१९७१ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या गरिबीचा अभ्यास मांडला, त्यात माणशी रोज २२५० कॅलरी हा आधार होता. त्याखाली ज्यांचा आहार जातो ते अपुरे पोसलेले. सुखात्म्यांचा आक्षेप नेमका घटकांच्या वाटणीवर होता. ते म्हणाले, एकच निरोगी माणूस एका आठवड्यात जास्त खातो, एका आठवड्यात कमी, शरीर ते सांभाळून घेतं. तुम्ही एका वेळचा आहार मोजता आणि त्यातला सगळा चढउतार माणसामाणसांतला समजता. तसं केलं की सरासरीखाली दिसणारी अर्धी जनता भुकेली ठरते. त्यांच्या मते रेघ सरासरीवर न ओढता सरासरी वजा दोन स्टँडर्ड डेव्हिएशनवर ओढायला हवी. अमेरिकी पोषणतज्ज्ञ मार्गेन यांच्यासोबत त्यांनी हा सिद्धांत पुढे नेला.

विरोधही कडाडून झाला. दांडेकरांनी उत्तरं दिली, गोपालन यांच्यासारख्या आहारतज्ज्ञांनी म्हटलं की कमी खाण्याला शरीर जुळवून घेतं, ते फुकट नाही, वाढ खुंटून घेतं. माझं मत विचाराल तर व्हेरियन्सबद्दल सुखात्मे बरोबर होते आणि त्यावरून काढलेल्या रेघेबद्दल विरोधक. माणसातला घटक मोठा आहे हे मान्य केलं तरी तो 'निरुपद्रवी' आहे हे आकड्यांतून सिद्ध होत नाही. ते शरीरशास्त्राने ठरवायचं.

मायक्रॉन

धागा गेजवरून वळूवर आणि वळूवरून गरिबीवर पोचला! सर्वांचे आभार.

रेसिड्यूअल, तुम्ही काकांच्या प्रतिसादात अर्धं उत्तर आहे म्हणालात, ते राहिलं. आणि माहितीसाठी: दहाही पार्ट एका सेटिंगनंतर सलग निघालेले आहेत. एकाच बिनमधून उचलले.

रेसिड्यूअल

मग झालंच. ३४% हा गेजचा आकडा नाही, गेज आणि पार्ट यांच्या गुणोत्तराचा आहे. सलग दहा पार्ट म्हणजे इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) झीज नाही, शिफ्ट नाही, बार-स्टॉकचा (कच्च्या सळईचा) फरक नाही. पार्टचा घटक मुद्दाम लहान करून घेतलात, गेज वाईट दिसणारच. काका उलट टोकाला जाऊन पार्टचा घटक मुद्दाम फुगवतायत, गेज छान दिसणार. दोन्ही वेळा गेज तोच. दहा पार्ट वेगवेगळ्या दिवशीचे, इन्सर्ट बदलायच्या आधीचे आणि नंतरचे असे घ्या. किंवा एकूण चढउतार या दहांवरून न काढता प्रोसेसच्या जुन्या एसडीवरून घ्या, मॅन्युअलला ते चालतं. टॉलरन्सशी तुलना वेगळी काढा. आणि टक्के बाजूला ठेवून घटक मायक्रॉनमध्ये लिहा.

स्पिंडल

(टूलरूममध्ये हयात गेली.) बोअर आहे म्हणता. ओव्हॅलिटी किती? ऑपरेटर प्रत्येक वेळी वेगळ्या कोनात गेज घालत असेल तर पार्टचीच लंबगोलाई तुमच्या रिपीटॅबिलिटीत जाते. शिव्या गेजला. फेसवर मार्करने रेघ मारा, त्याच रेघेत, त्याच खोलीवर मोजा. गेज झुलवून सगळ्यात कमी रीडिंग घेतात ना नीट? आणि सेटिंग रिंगवर (माहीत मापाच्या कडीवर) शून्य प्रत्येक जण आपापलं लावतो की एकाने लावलेला तिघं वापरतात?

मायक्रॉन

शून्य एकानेच लावला होता. म्हणजे ऑपरेटरचा घटक तिथेच अर्धा मेला की!

अभ्यास पुन्हा लावला. पार्ट वेगवेगळ्या पाळ्यांतले, मार्करची रेघ, शून्य ज्याचा त्याने लावायचा. आर-अँड-आर १९%, एनडीसी ७. मायक्रॉनमध्ये पाहिलं तर रिपीटॅबिलिटी खरोखर उतरली आहे आणि पार्टचा घटक वाढला आहे. ऑपरेटर आता शून्य नाही, छोटा का होईना आकडा आहे. एअर गेजचं कोटेशन साहेबांनी ड्रॉवरमध्ये टाकलं.

रेसिड्यूअल

नुसते टक्के पाहिले असते तर ३४ चे १९ कशामुळे झाले, रेघेमुळे की पार्टांमुळे, हे कळलं नसतं. घटक वेगळे लिहिले म्हणून कळलं. ओव्हॅलिटी मात्र गायब झालेली नाही, फक्त या अभ्यासातून बाहेर गेली. ड्रॉइंगवर असेल तर कंट्रोल प्लॅनमध्ये तिची स्वतंत्र ओळ हवी.

स्पिंडल

तिघं ऑपरेटर कुठल्या पाळीचे?

मायक्रॉन

पहिल्या. रात्रपाळीला ट्रेनी मोजतात, दर काही महिन्यांनी बदलतात.

निवृत्त_नमुनेदार

मग तुमचे तीन ऑपरेटर हा नमुनाच नाही. कारखान्यात कायम तेच तीन जण मोजत असते तर त्यांना फिक्स्ड धरून एकेकाचा फरक दुरुस्त करता आला असता. येणारेजाणारे ट्रेनी असतील तर तुम्हाला 'कुठलाही ट्रेनी' किती चुकेल हे हवंय, आणि त्यासाठी माणसं वाढवावी लागतील. रीडिंग कमी केलीत तरी चालेल.

मायक्रॉन

दोन्ही पाळ्या मिळून पाच जण जमतील. ५ × १० पार्ट × २ रीडिंग = १००. आधीपेक्षा दहाच जास्त. शनिवारी लावतो.

निवृत्त_नमुनेदार

लावा. ४ डिग्री मिळतील, २ पेक्षा बऱ्या. पार्टवरचे नंबर झाका, प्रत्येक फेरीत क्रम बदला, आणि आधीच्या माणसाचा कागद पुढच्याला दिसू देऊ नका.

स्पिंडल

आणि पार्ट धुऊन, गार होऊ द्या. मशीनवरून काढलेला गरम बोअर मोजलात तर या धाग्यावर अजून एक घटक वाढेल.